माझ्या पाठीवरची मूत्रपिंडं

मगदूम सरांना त्यांच्याच विद्यार्थ्याने फसवलं. रागाच्या भरात लिहितोय असं कुणी म्हणेल, तर हो, राग आहेच. पण सर जाऊन आता काही आठवडे उलटलेत आणि मी बाजारात आयुष्य काढलेला माणूस आहे, शब्द तोलूनच टाकतो. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांनी सरांच्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांना चार गोड प्रसंग हवे असणार. ते देतो. पण त्याच मापात कडूही घ्यावं लागेल. निवडून माल मी कुणालाच देत नाही.

बातमी आली तेव्हा मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात उभा होतो. सौदा चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा माझा नियम. पण पडद्यावर काकूंचं नाव दिसलं... काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या रडत नव्हत्या. "संपत, येतोस काय? सर गेले," एवढंच म्हणाल्या, सर कोपऱ्यावर भाजी आणायला गेले असावेत तशा आवाजात. समोर हळदीचा ढीग होता, व्यापारी बोली वाढवत होते, कुणीतरी मला कोपर मारून विचारत होतं की थांबलास का. आणि मला त्या पिवळ्या ढिगाकडे बघताना एकदम माझ्या पोटावर काढलेलं यकृत आठवलं. सरांनी ते हळदीत काव, म्हणजे तांबडा गेरू, कालवून काढलं होतं. डाव्या बाजूला थोडं सरकलं म्हणून पुसून पुन्हा काढलं होतं.

हे समजायला शाळेत जावं लागेल. रहिमतपूरच्या हायस्कुलात सर जीवशास्त्र शिकवायचे. माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालायचे. आम्हाला एक गुंठाही जमीन नव्हती. सर सांगलीकडचे जैन. बेडूक कापायचा नाही, झुरळ कापायचं नाही, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं म्हणे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं की मग मुलांना शरीराच्या आतलं दाखवता कसं? सर म्हणाले, मेलेल्या बेडकात सगळं थांबलेलं असतं, थांबलेलं बघून काय शिकायचं? पेशीसुद्धा त्यांनी आम्हाला कांद्याच्या पापुद्र्यातली दाखवली नाही. त्यांच्या घरात कांदा येत नसे. शाळेतही ते त्याला हात लावत नसत. काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक गालाच्या आतून हळूच फिरवायला लावायचे, ते काचेवर पुसून, वर निळ्या रंगाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली. "कांद्याचं काय बघतोस? तुझ्या तोंडातलीच बघ की." मी डोळा लावला. बारीक अंडं फोडून तव्यावर टाकावं तसं काहीतरी दिसलं, मध्ये निळा ठिपका. हा तू आहेस, असं सर म्हणाले. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, की माझ्या गालात लय माणसं राहत्यात. आईने पाठीत धपाटा घातला.

आणि मग ते अंगावर काढायचं. वर्गात सगळ्यांत वाळका पोरगा मी. बरगड्या लांबून मोजता येत, पोट खपाटीला गेलेलं. सरांना तेच हवं होतं. सदरा काढून मला टेबलावर उभं करायचे. शेजारी वाट्या: काव, चुना, कपड्यांची नीळ, हळद, चुलीची काजळी. चुन्याची दोन फुप्फुसं. त्यांच्या मधे कावेचं हृदय, जरा डावीकडे कललेलं. शुद्ध रक्ताला काव, अशुद्ध रक्ताला नीळ. ओला चुना छातीवर गार लागायचा आणि मी हसायचो, मग सर म्हणायचे, "हसू नको रे, फुप्फुस हलतंय," आणि वर्ग आणखी हसायचा. पण गंमत म्हणून ते काही करत नव्हते. रंगवून झालं की मला अंगणात पळवायचे. मी धापा टाकत परत आलो की पोरांनी एकेक करून माझ्या छातीला कान लावायचा. काढलेलं हृदय आणि आतलं धडधडणारं हृदय एकाच जागी. प्रत्येक अवयवावर बोट ठेवून सर एकच प्रश्न विचारायचे: "हा घेतो कुणाकडनं, आणि देतो कुणाला?" फुप्फुस कुणाकडून घेतं? हवेकडून. कुणाला देतं? रक्ताला. रक्त कुणाला देतं? पेशीला. पेशी काय परत देते? मग ते कोण बाहेर टाकतं? एका पोराने उत्तर दिलं की त्याने बोट पुढच्या अवयवावर न्यायचं. पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था, हे पुस्तकात ओळीने छापलेलं असतं. आम्ही ते देण्याघेण्यातून शिकलो. एकाने घेतलं आणि पुढे दिलं नाही, तर सगळा माणूस बसतो. एका बाजारच्या दिवशी मी अंग न धुताच गावातून घरी गेलो, तर भाजीवाली म्हातारी घाबरून म्हणाली, "आरं, ही कसली देवी निघाली म्हणायची अंगावर?"

बोट ठेवायचं काम सर बहुतेक वेळा विनायकला द्यायचे. विनायक वर्गातला पहिला. वडील सरकारी नोकरीत, पायात बूट. सरांनी त्याच्या हातात उसाचं सोललेलं कांडं दिलेलं असायचं, ते टेकवून तो सगळं धडाधडा सांगायचा. माझ्या छातीवर कांडं, पोटावर कांडं, मग "वळ" म्हणायचा आणि मी वळायचो. मूत्रपिंडं पाठीवर काढलेली असत, बरगड्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना. माझ्या पाठीवरची ती मूत्रपिंडं मी कधीच पाहिली नाहीत. विनायकने पाहिली. त्याने त्यांवर कांडं ठेवून वर्गाला सांगितलं, की ही रक्तातली घाण आणि जास्तीचा क्षार गाळून बाहेर टाकतात, आणि हृदयाकडून रक्त कमी आलं तर ही बिचारी काय करणार. सर खूश झाले. मलाही त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. तो माझ्या अंगावर शिकला आणि डॉक्टर झाला. मी दहावीनंतर सांगलीला येऊन पोती उचलली. त्याचं मला काही नाही. पोती उचलता उचलता मी हळद ओळखायला शिकलो, मग विकायला, मग अडवून भाव मागायला. आज यार्डात माझं स्वतःचं दुकान आहे आणि ते मला कुणी दिलेलं नाही.

सर निवृत्त झाल्यावर सांगलीला राहायला आले. संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. माझा आवाज चढला, की गिऱ्हाईक गेल्यावर म्हणायचे, "संपत, तुझी नाडी बघू." खरंच मनगट धरायचे. मी म्हणायचो, "आवं सर, माझी बघताय, त्या लबाडाची बघा की." ते हसत नसत, मनात आकडे मोजत राहत. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून काकूंचा फोन आला की उठायचे, आणि मला ओढून घरी न्यायचे. काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि बिनकांद्याची आमटी मी इतक्या वेळा खाल्ली आहे, की आता हॉटेलातल्या आमटीत कांदा जास्त झालाय असं वाटतं. विनायकचा विषय जेवताना हमखास निघायचा. सांगलीतला नावाजलेला हाडांचा डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल. लहानपणी शिकवणीला यायचा तेव्हा तोही काकूंच्याच हातचं जेवलेला. सरांच्या तोंडून 'माझा विनायक' हे शब्द निघताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी मुकाट्याने भाकरी मोडायचो.

या उन्हाळ्यात सरांचा गुडघा धरला. जिना उतरेना. हृदयाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. रक्तदाबाची एक, अंगातलं पाणी काढायची एक. त्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मूत्रपिंडं जरा मंद आहेत, वेदनेच्या गोळ्या कुणाला विचारल्याशिवाय घेऊ नका. विचारायचं कुणाला, तर विनायकला. मी गाडी काढली आणि सरांना घेऊन गेलो.

तिथे जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. खिडकीपाशी रांग होती. खिडकीतल्या मुलीने नाव, वय, आधीचे आजार, चालू गोळ्या असं विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात विनायक आतून आला. सरांना बघून रांगेतून धावत आला आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मुलीवर ओरडला. "माझ्या सरांना रांगेत उभं करतेस? यांचा केसपेपर काढायचा नाही. हे माझे गुरू आहेत." रांगेतल्या बायामाणसांचे डोळे भरून आले. सरांचेही. त्यांना हाताला धरून आत नेलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, ज्युनिअर डॉक्टरांना बोलावून त्यांनाही सरांच्या पाया पडायला लावलं. मग त्या पोरांना तो आमच्या वर्गाच्या गोष्टी सांगू लागला. मला पुढे करून म्हणाला, हाच तो आमचा फळा. सगळे हसले. गुडघा दाबून बघितला. रक्त तपासलं नाही. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं नाही. त्या खिडकीतल्या मुलीला जे विचारायचं माहीत होतं, ते त्याने तिलाही विचारू दिलं नाही. ड्रॉवरमधून गोळ्यांच्या पट्ट्या काढून सरांच्या हातात दिल्या. चांगल्या जोराच्या आहेत, सकाळ-संध्याकाळ महिनाभर घ्या, म्हणाला. कागद नाही, चिठ्ठी नाही. देवाला नैवेद्य दाखवावा तशा दिल्या.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "सर, त्यानं तुमास्नी कायबी इचारलं न्हाई. हृदयाच्या गोळ्यांचं तुमी तरी सांगायचं."

सर खिडकीबाहेर बघत होते. "सांगणार होतो रे. पण समोर त्याची पोरं उभी. त्यांच्यासमोर मी त्याला आठवण करून द्यायची होय? त्याला कसं दिसलं असतं?" मग म्हणाले, "माहीत असेल की त्याला. माझा विनायक आहे तो."

आयुष्यभर ज्या माणसाने पोरांना चुकलं की तिथल्या तिथे थांबवलं, त्याने त्या दिवशी थांबवलं नाही. विद्यार्थ्याचा मान राखला. आणि विद्यार्थ्याने गुरूचा मान राखला. दोघांनी एकमेकांचा इतका मान राखला की विचारायचं तेवढं राहून गेलं. मला कुणी मान दिला की मी आधी पोत्यात सळई घालून आतला माल बघतो... पण सर व्यापारी नव्हते.

गुडघ्याचं दुखणं थांबलं. सर जिना उतरू लागले, काकूंनी मला फोन करून विनायकचं कौतुक सांगितलं. मग पाय सुजले. लघवी कमी झाली, तोंडाला चव राहिना, मळमळ. माझ्यासमोर सरांनी विनायकला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. सूज गुडघ्यामुळेच आहे सर, पाय उशीवर ठेवा, गोळ्या अजिबात बंद करू नका. आणि आणखी पट्ट्या माणसाबरोबर घरी पाठवून दिल्या. उन्हं तापलेली, लघवी होत नाही म्हणजे उन्हाळी लागली, असं काकूंना वाटलं. आपल्याकडच्या कुठल्याही घरात जे करतील तेच त्यांनी केलं. शहाळी आणली. रोज स्वतः फोडून घेऊन ग्लासात ओतून सरांना प्यायला लावली.

सर घरात कोसळले तेव्हा आम्ही त्यांना दुसऱ्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या पट्ट्या बघितल्या, हृदयाच्या गोळ्या बघितल्या, आणि खुर्चीत मागे टेकले. मला बाजूला घेऊन समजावलं. या तिन्ही गोळ्या एकत्र, त्यात उन्हाळा, त्यात वय. मूत्रपिंडाकडे रक्तच जाईना. ती बंद पडली, क्षार रक्तात साठला, साठलेला क्षार हृदयाला थांबवतो. म्हणजे हाड बघणाऱ्याने हाड बघितलं, आणि त्या हाडावरून रक्त वाहत पुढे कुठे जातं ते बघितलं नाही. मी विचारलं, शहाळ्याचं काय? शहाळ्यातही क्षार असतो, असं एका नर्सने काकूंना बोलून दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याने फार फरक पडला नाही, मूत्रपिंडं आधीच बंद झाली होती, शहाळं दिलं नसतं तरी हेच झालं असतं. डायलिसिस सुरू केलं. सरांनी शुद्धीत असताना स्वतःच मला सगळं सांगितलं, कुठून काय बिघडलं ते, बोटाने स्वतःच्या अंगावर दाखवत. हृदय, मग खाली, मग पाठीकडे. तिथपर्यंत हात पोचला नाही.

मग सौद्यातला तो फोन.

शाळेने रहिमतपूरला शोकसभा ठेवली. विनायक पांढऱ्या कपड्यांत आला, पहिल्या रांगेत बसला, आणि उत्तम बोलला. पेशी, ऊती, अवयव, सगळं बोलला. शरीरात कुणीही एकटा नसतो हे सरांनी मला शिकवलं, असं म्हणताना त्याने सरांच्या फोटोकडे हात जोडले. लोकांनी डोळे पुसले. मी सभा मोडली नाही. चहाच्या वेळी व्हरांड्यात त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, की सरांना दिलेल्या गोळ्यांचं काय.

"कुठल्या गोळ्या?" तो म्हणाला. "माझ्याकडे सरांचा केसपेपर नाही. नोंदच नाही. वय झाल्यावर लोक कुणाच्याही सांगण्यावरून काहीही घेतात, संपत."

"मी तिथं हुतो, विन्या. तू ड्रॉवर उघडलास."

"आवाज खाली कर. कागद असेल तर दाखव."

कागद त्यानेच काढू दिला नव्हता. ज्या मानाने सरांना रांगेतून उचललं, त्याच मानाआड तो आता लपत होता. आजूबाजूला जुने वर्गमित्र जमले. एकाने माझा दंड धरला, "जाऊ दे रं गड्या, सरांचं वय झालं होतं." मी दंड सोडवून घेतला. तेव्हा विनायक वळला. नर्सचं ते शहाळ्याचं बोलणं त्याच्याही कानावर गेलेलं असणार. मला गप्प करायला असेल, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि मूत्रपिंडाच्या पेशंटला रोज शहाळं कुणी पाजलं, तेही एकदा विचारा."

काकू मागे खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

फसवलं म्हणतो ते यासाठी. गोळी चुकते, माणूस चुकतो. त्याने गोळी दिली त्याला मी चूक म्हटलं असतं आणि सरांचाच विद्यार्थी म्हणून कदाचित गप्पही बसलो असतो. पण चुकलेल्याने ती चूक एका म्हातारीच्या ओंजळीत टाकली. तिच्या नवऱ्याच्या शोकसभेत. जिच्या हातचं तो जेवला तिच्या.

त्या दिवसापासून काकू कुणालाही स्वतःच्या हाताने काही प्यायला देत नाहीत. मी गेलो तर म्हणतात, माठ तिकडे आहे, तूच घे. मी त्यांना दहा तऱ्हांनी समजावलं. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "तू पोटातल्या मायेनं बोलतोस रे. तू काय डॉक्टर न्हाईस." म्हणून त्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना मी हातापाया पडून घरी घेऊन गेलो. ते भले गृहस्थ, जमिनीवर बसून त्यांनी सगळं नीट सांगितलं. काकूंनी मान हलवली, आभार मानले. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "चांगले हायत. पण परके, मला बरं वाटावं म्हणून बोलले. विनायक आपला हाय. सरांचा हाय. तो कशाला खोटं बोलेल?"

मी पाटावर बसून राहिलो. भांडायला समोर कुणी नव्हतं.

डॉक्टर विनायक, ही पुरवणी तुमच्या हॉस्पिटलात येते, बाहेरच्या बाकावर पडलेली मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळे हे तुम्ही वाचणार. कोर्टात मी जाऊ शकत नाही, कागद नाही हे तुम्हाला मुळापासून माहीत आहे. तुमचं नाव खराब करून मला काही मिळायचं नाही. आणि तुम्ही माझी माफी मागावी असंही मी म्हणत नाही. ती माझ्या हक्काची नाहीच. माझी मागणी एकच आहे आणि ती कमी होणार नाही. काकूंच्या घरी या. एकटे या, तुमच्या पोरांना आणू नका, पायावर डोकं ठेवू नका. समोर बसा आणि त्यांना सांगा, की गोळ्या तुम्ही दिल्या, चालू औषधं विचारली नाहीत, पाय सुजले तरी बंद करू दिल्या नाहीत. सांगा की शहाळ्याने सर गेले नाहीत. त्या म्हातारीचा जगात फक्त तुमच्या शब्दावर विश्वास आहे, आणि तुम्ही तो शब्द देत नाही. का देत नाही, विनायक? उत्तर द्या.